निबंध पोचला, माणूस अडला

मनमाड सोडून भुसावळच्या बाजूला निघालेली गाडी पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर नांदगावला येते. शाकंबरी आणि लेंडी या दोन नद्यांच्या काठचे हे तालुक्याचे गाव. उत्तरेकडे जाणाऱ्या बऱ्याचशा गाड्या इथून धडधडत निघून जातात आणि खिडकीतल्या प्रवाशाला पिवळ्या पाटीवरची अक्षरेही नीट वाचता येत नाहीत. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत लंडनला छापलेल्या प्रवासी मार्गदर्शिका उघडल्या, तर नांदगाव हे नाव त्यांत हमखास सापडते. वेरूळची लेणी पाहायची असतील तर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या या स्टेशनवर उतरावे, अशी सूचना त्यांत असे.

उतरल्यावर पुढे टांगा. औरंगाबादपर्यंतचा रस्ता पन्नासहून अधिक मैलांचा, टपालाचे टांगेही त्याच रस्त्याने जात. कासारी घाट चढला, नावातच बंगला घेऊन बसलेले शिऊर मागे टाकले, देवगाव रंगारी आले, की वेरूळच्या डोंगराची रांग जवळ येई. मधे कुठेतरी एक सरहद्द ओलांडलेली असे. नांदगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, तर घाटापलीकडचा मुलूख हैदराबादच्या निजामाचा. तिकडे जकात वेगळी, तिला करोडगिरी म्हणत. नाणेही वेगळे. इकडचा रुपया कलदार, तिकडचा हाली शिक्का, आणि शंभर कलदारांना एकशे सोळाच्या आसपास हाली मिळत. खुद्द वेरूळ गाव एके काळी होळकरांकडे होते. 1818 नंतर ते इंग्रजांकडे आले आणि 1822 च्या कराराने निजामाकडे गेले. लेणी जागची हलली नाहीत, त्यांच्याभोवतीची हद्द मात्र तलवार आणि तह यांच्या हिशेबाने सरकत राहिली.

या रस्त्याने जाणाऱ्या अभ्यासकाकडे मालाची चौकशी होई, जनावरांची होई. पासपोर्ट मात्र कोणी मागत नसे. जेम्स बर्जेस यांच्या पिढीने पश्चिम भारतातल्या लेण्यांची मोजमापे घेतली, शिलालेखांचे ठसे काढले, ते याच मोकळिकीत. बर्जेस आणि फर्ग्युसन यांचा लेण्यांवरचा मोठा ग्रंथ 1880 मध्ये निघाला, तेव्हा वेरूळची वाट नांदगाववरूनच जात होती. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडहून औरंगाबादला निजामाची रेल्वे सुरू झाली आणि टांग्यांचे दिवस संपले.

जगभरच्या विद्वानांनी एका गावी जमून निबंध वाचायचे, ही पद्धतही साधारण त्याच काळातली. प्राच्यविद्यापंडितांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद पॅरिसमध्ये 1873 साली भरली, दुसरी पुढच्याच वर्षी लंडनला. या दुसऱ्या परिषदेचे निमंत्रण मुंबईत रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना आले. मालवणात जन्मलेले, सदतिशीतले संस्कृतचे प्राध्यापक. घरगुती अडचणींमुळे त्यांना जाता आले नाही. त्यांनी निबंध पाठवला, आणि त्याचा विषय होता नाशिकच्या लेण्यांतले शिलालेख.

नाशिक जिल्ह्याच्या वाचकाने इथे क्षणभर थांबावे. पांडवलेण्यांतल्या त्या लेखांत गौतमीपुत्र सातकर्णीची आई बलश्री आहे, नहपानाचा जावई उषवदात आहे. उषवदाताच्या एका लेखात त्याच्या दानांची यादी कोरलेली आहे. गाई दिल्या, गावे दिली, घाट बांधले, भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे प्रवाशांसाठी निवारे उभारले. त्यातच आणखी एक नोंद येते. पार, दमण, तापी, डहाणूची नदी अशा सहा नद्यांवर त्याने फुकट होड्या ठेवल्या होत्या. म्हणजे आजच्या गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरून चालत येणाऱ्याला नदीपाशी कोणी पैसे मागू नयेत, इतकी काळजी दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका सत्ताधाऱ्याने घेतली होती आणि ती दगडात नोंदवून ठेवली होती. प्रवास सुकर करण्याची ही कथा सांगणारा निबंध लंडनला पोचला, छापला गेला, युरोपातल्या अभ्यासकांनी वाचला. लेखक मुंबईतच राहिला.

बारा वर्षांनी भांडारकर गेले. 1886 च्या शरद ऋतूत व्हिएन्नाला सातवी परिषद भरली आणि मुंबई सरकारने त्यांना प्रतिनिधी म्हणून पाठवले. ते तेव्हा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते. व्हिएन्नात गेओर्ग ब्यूलर होते, मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात अनेक वर्षे काढलेले, भांडारकरांना चांगले ओळखणारे. परतल्यावर भांडारकरांनी या प्रवासाची हकिगत लिहिली. त्या काळात युरोपात रशिया आणि तुर्कांचे साम्राज्य वगळले, तर पासपोर्टची सक्ती जवळपास उरली नव्हती. अडसर होता तो घरचा. समुद्र ओलांडला म्हणून जातीबाहेर टाकणे, प्रायश्चित्त घ्यायला लावणे हे प्रकार त्या वेळच्या महाराष्ट्रात नित्याचे होते. प्रार्थना समाजातल्या भांडारकरांनी त्याची पर्वा केली नाही. मात्र कोणी जायचे हे ठरवणारे आणि तिकिटाचे पैसे देणारे सरकार परक्यांचे होते, हेही विसरता येत नाही. राज्यकर्त्यांच्या मर्जीचा आणि परिषदेच्या व्यासपीठाचा संबंध असा आरंभापासूनचा आहे.

तो संबंध किती कडक होऊ शकतो, हे टिळकांच्या बाबतीत दिसले.

लोकमान्य टिळकांनी वेदांच्या काळाविषयी 'ओरायन' लिहिला तो 1893 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी त्याचा गोषवारा त्यांनी 1892 च्या लंडनच्या नवव्या प्राच्यविद्या परिषदेकडे धाडला होता आणि तो तिच्या वृत्तान्तात छापला गेला. पुढे 1897 मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली टिळक तुरुंगात गेले, तेव्हा माक्स म्यूलर यांच्यासारख्यांनी सुटकेसाठी विनंती केली. एका कैद्याची विद्वत्ता सातासमुद्रापार ओळखीची होती, म्हणून ही रदबदली होऊ शकली. त्यानंतर वीस वर्षे गेली, महायुद्ध आले. 1918 च्या वसंतात होमरूल लीगचे शिष्टमंडळ घेऊन टिळक इंग्लंडला निघाले. सोबत खापर्डे, केळकर, करंदीकर, बिपिनचंद्र पाल होते. मंडळी कोलंबोला पोचली आणि तिथे त्यांना कळले की लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने त्यांचे पासपोर्ट रद्द केले आहेत. साठी ओलांडलेला माणूस बंदरावरून माघारी फिरला. ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावर टिळकांनी भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी त्याच वर्षी पुढे परवानगी मिळाली, पण राजकीय भाषणे न करण्याच्या अटीवर.

ज्याचा निबंध 1892 मध्ये सरहद्दींची विचारपूस न होता लंडनला गेला, त्याला स्वतःला 1918 मध्ये कोलंबोच्या पुढे जाता आले नाही. या दोन सालांच्या मधे जगाने पासपोर्ट ही वस्तू सक्तीची केली होती. आणली ती युद्धाची तात्पुरती तजवीज म्हणून: हेर येऊ नयेत, लढण्याजोगे पुरुष पळू नयेत. युद्ध संपले. ऑक्टोबर 1920 मध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसला बैठक घेतली आणि छोट्या पुस्तिकेचा एकसारखा नमुना ठरला. त्याच वर्षी हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदा झाला. भीतीच्या दिवसांत बसवलेले फाटक शांततेच्या दिवसांत काढून टाकायला कोणी आले नाही. गेल्या शंभर वर्षांत विद्वानांच्या प्रवासावर जी जी बंधने आली, त्यांच्या मुळाशी हीच सवय आहे.

प्राच्यविद्या परिषदेवरही युद्धाचा घाव बसला. 1912 मध्ये ती अथेन्सला भरली आणि त्यानंतर थेट 1928 मध्ये ऑक्सफर्डला. सोळा वर्षांचा खंड. त्याच काळात, नोव्हेंबर 1919 मध्ये, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या आवारात पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरली. अध्यक्ष म्हणून नाव होते वयाची ऐंशी ओलांडलेल्या भांडारकरांचे. बाहेरची दारे बंद असताना पुण्याने आपले दार उघडले, ही त्या काळातली मोठी गोष्ट होती.

दुसऱ्या महायुद्धात अडवणुकीचा हा विषय नाशिक जिल्ह्याच्या उंबऱ्यापर्यंत आला. सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध पुकारले जाताच हिंदुस्थानातल्या जर्मन नागरिकांची धरपकड झाली. अनेकांना आधी अहमदनगरच्या छावणीत आणि मग देवळालीच्या तारांमागे ठेवले, पुढे डेहराडूनला हलवले. हिमालयात नंगा पर्वताच्या मोहिमेवर आलेला हाइनरिश हारर त्यांतला एक. देवळालीहून डेहराडूनला गेलेला हा गिर्यारोहक तिथून पळाला आणि तिबेटात पोचला. त्याच्या पुस्तकामुळे ती गोष्ट जगाला माहीत आहे. पण त्याच सुमारास घाटापलीकडच्या निजामाच्या राज्यात एक वेगळी गोष्ट घडत होती.

क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ हा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ. ऑस्ट्रिया जर्मनीने गिळल्यामुळे त्याच्या हाती पासपोर्ट जर्मन आला होता. युद्ध पेटले तेव्हा तो हिंदुस्थानात होता. कागदावर तो शत्रूराष्ट्राचा माणूस ठरला, धरलाही गेला. पण त्याला तारांमागे न टाकता हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहण्याची मुभा मिळाली. हद्दीबाहेर जायचे नाही, एवढी अट. मग तो चेंचूंमध्ये जाऊन राहिला, रेड्डींमध्ये राहिला, आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहिला. चेंचूंवरचा त्याचा ग्रंथ 1943 मध्ये आला, रेड्डींवरचा 1945 मध्ये, राजगोंडांवरचा 1948 मध्ये. मध्य भारतातल्या आदिवासींच्या अभ्यासात ही पुस्तके आजही बाजूला ठेवता येत नाहीत. देवळालीची छावणी आणि कासारी घाटापलीकडचा मुलूख यांत अंतर फार नाही. कायदा एकच, संशय एकच. अधिकाऱ्याने माणसाकडे पाहिले आणि त्याचे काम ओळखले, म्हणून ही पुस्तके लिहिली गेली. सुरक्षेच्या नावाखाली सरसकट नियम लावणाऱ्यांनी हे उदाहरण समोर ठेवायला हवे.

1947 मध्ये देश स्वतंत्र झाला आणि नांदगावजवळची जुनी सरहद्द एकाएकी धारदार झाली. हैदराबाद भारतात आले नव्हते. नोव्हेंबर 1947 मध्ये जैसे थे करार झाला, पण रझाकारांच्या धाकाने सीमेवरची गावे रात्री जागी असत. मराठवाड्यातून निघून आलेले कार्यकर्ते इकडच्या बाजूला जमत होते आणि मनमाड हे मुक्तिसंग्रामाच्या कामाचे एक केंद्र झाले होते. वेरूळची लेणी अभ्यासायला टांगा करून निघावे, असे ते दिवस नव्हते. नेमक्या त्याच दिवसांत, जुलै 1948 मध्ये, पॅरिसला युद्धानंतरची प्राच्यविद्या परिषद भरली आणि स्वतंत्र भारताचे प्रतिनिधी म्हणून महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे तिथे गेले. 'धर्मशास्त्राचा इतिहास' या महाग्रंथाच्या कामात बुडालेले, अडुसष्ट वर्षांचे काणे. मुंबईच्या पंडिताला त्या पावसाळ्यात नांदगावहून वेरूळला जाण्यापेक्षा पॅरिसला जाणे सोपे होते. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद शरण आले. काही वर्षांत करोडगिरी गेली, हाली रुपया गेला, घाटातली सरहद्द दोन जिल्ह्यांची सीमा झाली.

काणे पुढे 1951 मध्ये इस्तंबूलला आणि 1954 मध्ये केंब्रिजलाही गेले. जानेवारी 1964 मध्ये तर ही परिषद नवी दिल्लीत भरली आणि तिचे चिटणीसपद पुण्याच्या रा. ना. दांडेकरांकडे होते. नव्वद वर्षांपूर्वी भांडारकरांना जिथे जाता आले नव्हते, ती परिषद आता मराठी माणसाच्या हाताने भारतात भरत होती.

स्वातंत्र्यानेही सगळी फाटके उघडली असे मात्र झाले नाही. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची कहाणी त्यासाठी सांगायला हवी. क्रांतिकार्यासाठी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देश सोडला, गदर चळवळीत होते, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांशी लढले आणि अखेर मेक्सिकोत स्थिरावले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मका आणि गव्हाच्या वाणांवर काम केले, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. दिएगो रिव्हेराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवले. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी मायदेशी येण्यासाठी अर्ज केला, तर तो आधी नाकारला गेला. कारण इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते आणि ती यादी नव्या सरकारच्या कपाटात तशीच आली होती. चूक पुढे दुरुस्त झाली, खानखोजे परतले, 1967 मध्ये नागपुरात वारले. ज्या स्वातंत्र्यासाठी माणूस चाळीस वर्षे परदेशी राहिला, त्या स्वातंत्र्याच्या दारात त्याला जुन्या मालकाच्या यादीने अडवावे, यासारखी वेदनेची गोष्ट नाही. याद्या करणारे जातात, याद्या राहतात.

शीतयुद्धाच्या काळात जगभर हेच चालले. अण्वस्त्रांविरुद्ध शास्त्रज्ञांची पहिली बैठक नेहरूंच्या पुढाकाराने भारतात व्हायची होती. सुएझचा पेचप्रसंग उभा राहिला, बेत बारगळला, आणि 1957 मध्ये ती कॅनडातल्या पगवॉश या लहानशा गावात भरली. म्हणून ती चळवळ आज पगवॉशच्या नावाने ओळखली जाते. 1978 मध्ये ग्रिगोरी मार्गुलिस या रशियन गणितज्ञाला फील्ड्स पदक जाहीर झाले, पण सोव्हिएत सरकारने त्याला हेलसिंकीला जाऊ दिले नाही. 1982 ची गणित परिषद वॉर्साला व्हायची होती. पोलंडमध्ये लष्करी कायदा लागला आणि ती वर्षभर पुढे ढकलावी लागली.

महाराष्ट्राच्या वाट्याला याचा सर्वांत ठळक प्रसंग आला तो 1998 मध्ये. मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष आर. चिदंबरम हे मूळचे स्फटिकशास्त्रज्ञ, भाभा अणुसंशोधन केंद्राचे माजी संचालक, आणि स्फटिकशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कार्यकारिणीवर होते. त्या उन्हाळ्यात अमेरिकेत होणाऱ्या बैठकीला जाण्यासाठी त्यांनी व्हिसा मागितला. तो मिळाला नाही. अमेरिकेने निर्बंधांची यादी काढली, तीत तुर्भ्याच्या केंद्राचे नाव आले, आणि तिथे काम करणाऱ्या माणसाला, त्याचा विषय कोणताही असो, परिषदेचे निमंत्रण हाती घेऊन वकिलातीत खेटे घालावे लागले. ज्या देशाने बॉम्ब टाकलेला होता, तो बॉम्बची चाचणी केली म्हणून दुसऱ्याच्या शास्त्रज्ञाला दार बंद करत होता. 2006 मध्ये गोवर्धन मेहता या रसायनशास्त्रज्ञालाही चेन्नईच्या वकिलातीत असाच अनुभव आला. ते तर त्या वेळी जगातल्या विज्ञानसंस्थांच्या शिखर संस्थेचे अध्यक्ष होते. गाजावाजा झाल्यावर व्हिसा देऊ करण्यात आला, पण तोवर मन उडाले होते.

एवढे झाल्यावर सुरक्षेची बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती महाराष्ट्रात बसून कोणी हलकी समजू नये. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्याआधी डेव्हिड हेडली रीतसर व्हिसा घेऊन मुंबईत येत-जात राहिला, ताज आणि आसपासच्या जागांची टेहळणी करून गेला. ते उघड झाल्यावर सरकारने 2009 च्या अखेरीस व्हिसाचे नियम आवळले. पर्यटक व्हिसावर आलेल्याने देश सोडला तर दोन महिने परत यायचे नाही, असा एक नियम आला. तो त्रासाचा ठरला आणि 2012 मध्ये शिथिल झाला. नियम करण्यामागचे दुःख खरे होते. आणि पुढे तो सैल केला गेला, हेही चांगलेच झाले. तपासणी हवी, पण तिची वेळोवेळी फेरतपासणीही हवी.

भारताकडून अडवणूक होत नाही, असेही नाही. परिषदेसाठी येणाऱ्या परदेशी पाहुण्याला भारताचा कॉन्फरन्स व्हिसा लागतो. आयोजकांनी परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी घ्यायची, आणि पाहुणे काही ठरावीक देशांतले असतील तर गृह मंत्रालयाचीही. जुलै 2018 मध्ये आशियाविषयक अभ्यासकांची मोठी परिषद दिल्लीत भरली. पाकिस्तानी अभ्यासकांना व्हिसा मिळाले नाहीत. जानेवारी 2021 मध्ये तर शिक्षण मंत्रालयाने ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषदांनाही पूर्वपरवानगीची अट घातली: देशाची सुरक्षा, सीमा, ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, लडाख असे विषय त्यात होते. माणूस घरातच बसणार, तरी फाटक पडद्यावर आले. देशातल्या विज्ञान अकादमींनी उघड विरोध केला आणि फेब्रुवारीत तो आदेश मागे घेतला गेला. असा विरोध करणाऱ्या अकादमींचे आभार मानायला हवेत.

सीमा नेहमी देशाच्या कडेलाच असते असे नाही. 5 जानेवारी 2004 रोजी पुण्यात भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला. जेम्स लेन या अमेरिकन अभ्यासकाच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकातल्या मजकुराने लोक दुखावले होते, आणि राग निघाला तो संस्थेच्या कपाटांवर, पोथ्यांवर. लेखकावर गुन्हा नोंदला गेला. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये तो रद्द केला. मजकुराबद्दलचा संताप समजण्यासारखा होता, पण व्हिएन्नाला गेलेल्या माणसाच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्थेत पोथ्या फाटाव्यात, हे महाराष्ट्राला शोभले नाही. परदेशातून मराठी शिकायला येणारी मुले कमी झाली तर त्याची कारणे शोधताना ही तारीखही डोळ्यांसमोर ठेवावी लागेल.

आणि आज? नांदगावच्या एखाद्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापिकेचा निबंध युरोपातल्या परिषदेत स्वीकारला गेला, असे धरून चला. तिला काय काय लागते ते पाहा. पासपोर्टसाठी नाशिकच्या सेवा केंद्राची वेळ, मग घरी पोलिसांची पडताळणी. परिषदेचे निमंत्रणपत्र. संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र आणि रजेची मंजुरी, ज्यांवर सही व्हायला कधी कधी व्हिसापेक्षा जास्त दिवस लागतात. पगाराच्या पावत्या, तीन महिन्यांचे बँकेचे स्टेटमेंट, प्राप्तिकराचे विवरण, प्रवास विमा, परतीच्या तिकिटाची नोंद, राहण्याच्या जागेची नोंद. पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचा फोटो, चेहरा नेमका किती भरावा याच्या नियमासह. मग बोटांचे ठसे द्यायला मुंबई. पहाटे मनमाडहून सुटणारी पंचवटी पकडायची तर नांदगावहून रात्रीच निघावे लागते. हातात प्लॅस्टिकचा फोल्डर, त्यात झेरॉक्सचे दोन संच. ठसे देऊन झाले की पासपोर्ट तिथेच राहतो आणि ती रिकाम्या हाताने संध्याकाळच्या गाडीत बसते. नंतर वाट पाहणे. नकार आलाच तर एका छापील कागदावर कारणापुढे खूण केलेली असते आणि भरलेली फी परत मिळत नाही. परिषद मात्र ठरल्या तारखेला होऊन जाते.

शहरातल्या मोठ्या संस्थेत या कामाला वेगळा कक्ष असतो, माहीतगार कारकून असतो. तालुक्याच्या गावात ते सगळे एकट्या माणसाने निस्तरायचे असते. म्हणून जगाचे राजकारण बिघडले की पहिला फटका तालुक्याच्या गावातल्या अभ्यासकाला बसतो. एप्रिल 2025 मध्ये पहलगामचा हल्ला झाला, अटारीची चौकी बंद झाली, पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. युरोपकडे जाणारी विमाने वळसा घालू लागली, काही तिकिटे महागली. सीमेवरच्या घटनेचा हिशेब प्राध्यापिकेच्या पगाराच्या पावतीपर्यंत येतो तो असा.

कोणी म्हणेल, निबंध ऑनलाइन वाचावा, प्रश्न मिटला. भांडारकरांचा निबंधही 1874 मध्ये त्यांच्यावाचून लंडनला वाचला गेलाच होता. पण त्यांनी 1886 मध्ये व्हिएन्नाची वाट धरली, कारण निबंध वाचून झाल्यावर जे बोलणे होते ते टपालाने जात नाही. कोणता हस्तलिखित संग्रह कुठल्या गावी आहे, कोणाचा विद्यार्थी कशावर काम करतो, कोणत्या वाचनात कोणाला शंका आहे, हे चहाच्या वेळी कळते. तालुक्याच्या गावातल्या अभ्यासकाला त्या चहाची गरज सगळ्यांत जास्त आहे.

विद्यापीठांनी करण्यासारखे बरेच आहे. निबंध स्वीकारल्याचे पत्र आले की ना हरकत प्रमाणपत्र पंधरा दिवसांत द्यावे. नाकारलेल्या व्हिसाची फी संशोधन निधीतून भरून द्यावी. विद्यापीठाच्या मुख्यालयात एक जाणकार माणूस नेमावा, ज्याला नांदगावहून फोन करता येईल. यांतल्या एकाही गोष्टीला दिल्लीची परवानगी लागत नाही.

जून 2025 मध्ये जागतिक संस्कृत परिषद काठमांडूला भरली. भारत आणि नेपाळ यांच्यातला 1950 चा करार अजून टिकून आहे, त्यामुळे तिथे जायला नांदगावच्या संस्कृतच्या शिक्षकाला व्हिसा लागत नव्हता. निवडणुकीचे ओळखपत्र पुरत होते.